उद्यापासून बीपी बंद

१० जून
पक्षाचे जिल्हाध्यक्ष मडिवाळप्पा यांनी, मी साडेचार वर्षांत आमदार म्हणून काय केलं ते एका पानावर लिहून मागितलं. लिहायला बसले. एक ओळ झाली, तीही खोडली. म्हणून आजपासून रोज नोंद. अठ्ठावीस वर्षं नर्सिंग केलंय. वॉर्डात जे लिहिलं नाही ते केलंच नाही असं धरतात.
यंदा काम एकच. आमच्या ग्रामीण रुग्णालयात नर्सच्या अकरा जागा रिकाम्या. दानेश्वरी एकटी तीन वॉर्ड बघते. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीची नर्स, आल्याशिवाय वॉर्ड सोडता येत नाही, आणि रिलीव्हर नाहीच. नोव्हेंबरात तिचं लग्न, रजा मिळत नाही. तिला शब्द दिलाय. अधिवेशनात विषय मांडणारच.
उद्यापासून ऑफिसात बीपी तपासणं बंद. मी आमदार आहे.

११ जून
बीपी : २३. मल्लव्वा उन्हातून चालत आल्या, त्यांना परत कसं पाठवणार. मागे बावीस जण होते. अर्जवाल्यांना पीए संगमेश भेटला. बरंच आहे, त्याला अनुभव मिळतो.

१२ जून
दारावर पाटी लावली : येथे बीपी तपासले जात नाही. बीपी : ३१. मशीन इथे असतं हे पाटीमुळे नव्या लोकांनाही कळलं.

१९ जून
नवी पेठेत दुकानाचं उद्घाटन. पेशंट खुर्चीत, त्याला सोडून जाणं शिस्तीत बसत नाही. संगमेशला पाठवलं. फीत त्यानेच कापली. पेपरात फोटो चांगला आलाय.

४ जुलै, सकाळी, मुंबई
नर्सच्या जागांवर माझी लक्षवेधी सूचना आज. भाषण पाठ. आता कोणी अडवू शकत नाही.

४ जुलै, संध्याकाळी
सभागृहाबाहेर धुळाप्पा नावाच्या ज्येष्ठ आमदारांना गरगरलं. मशीन पिशवीत होतंच. आत माझं नाव दोनदा पुकारलं म्हणे. कानात स्टेथोस्कोप, ऐकू कसं येणार. लक्षवेधी गेली. धुळाप्पांचं बीपी १२०/८०. सकाळपासून उपाशी होते, एवढंच.
नंतर खुद्द आरोग्यमंत्र्यांनी बाही वर करून हात पुढे केला. पाच मिनिटं समोर बसले होते. बीपी घेताना पेशंटशी बोलू नये, म्हणून विषय काढला नाही. पण ओळख झाली, हे मोठं काम.

९ जुलै
दानेश्वरीला कळवलं, प्रक्रिया सुरू आहे. ती म्हणाली, "सिस्टर, तुम्ही संगमेशसारखं बोलायला लागलात." तिकडे कोणीतरी हाका मारत होतं. फोन ठेवला तिने. कामात असेल.

२२ ऑक्टोबर
तिकीट संगमेशला. मडिवाळप्पा घरी येऊन सांगून गेले. "अक्का, लोकं तुमाला लई मानत्यात. पण आमदार म्हटलं की त्यांना संगमेशच ठाऊक हाय की."
मग जाता जाता त्यांनीही बीपी बघून घेतलं.
बीपी : ४१. सगळे हळहळले, मग हात पुढे केला.

२४ ऑक्टोबर
ऑफिसचा चार्ज दिला. नियमाप्रमाणे लेखी. घेणार : संगमेश.
किल्ल्या : त्याच्याकडेच होत्या.
शिक्का, लेटरहेड : त्याच्याकडेच.
बीपी मशीन : एक, चालू, कफ सैल. दिलं. बांधायचं कसं तेही दाखवलं. बाहेर रांग होती.
बाकी काम : नर्सच्या अकरा जागा.
संगमेश म्हणाला, "तेवढी ओळ नको की, अक्का."
मी खोडली नाही. त्याने सही केली. त्या ओळीच्या वर.