नजीराबीच्या फळ्या

३ नोव्हेंबर १९०७
आज घरात राहायला आलो. रंकाळ्याकडे तोंड केलेलं तीन खोल्यांचं कौलारू घर. शाळा दहा मिनिटांवर. दूध दाट, माणसं मोठ्याने बोलणारी. कामाला येणाऱ्या धोंडुबाईने मला पावणं म्हटलं आणि नाशिककडं माणसं जेवत न्हाईत काय, असं तोंडावर विचारलं. फार दिवसांनी हसलो. जमीन मात्र मातीची आणि ओलसर. हात टेकला की गारवा मनगटापर्यंत चढतो. माझ्या बायकोची, सगुणाची, छाती या ओलीत टिकणार नाही. ती महिनाअखेर येईल. तोवर बैठकीच्या खोलीत लाकडी जमीन झालीच पाहिजे.

६ नोव्हेंबर
गंगावेशीत दस्तगीर सुताराच्या वखारीत तीन तास गेले. आईन घट्ट, पण तडकतो. फणस दिसायला सुरेख, पण मऊ. सागवान सर्वांत चांगलं, आणि आहे ते सगळं ओलं. ओलं लाकूड बसवलं की वर्षात सांधे उघडतात आणि खालची ओल वर येते. मागच्या छपरात मात्र सागाच्या नऊ फळ्या आहेत. दोन-दोन हात लांब, बारा वर्षं वाळलेल्या. टिचकी मारली तर भांड्यासारख्या वाजतात. सगुणाच्या अंथरुणाएवढी जागा बरोबर भरेल.

दस्तगीर म्हणाला, त्या द्यायच्या न्हाईत. त्याच्या आईने, नजीराबीने, स्वतःच्या कबरीसाठी एकेक निवडून ठेवल्या आहेत. त्यांच्यात मयत खाली ठेवलं की त्यावर फळ्या आडव्या लावतात आणि मगच जो तो तीन-तीन मुठी माती लोटतो. अंगावर माती पडू नये म्हणून. म्हातारी शेजारीच लसूण सोलत बसली होती. तिने मान डोलावली.

फणस ठरवून परतलो. वाटेत राग आवरेना. धडधाकट बाई लसूण सोलते आहे आणि तिच्या मरणासाठी कोरडं लाकूड अडवून ठेवलंय. तिकडे जिवंत माणूस खोकतो आहे.

१६ नोव्हेंबर
फणस बसला. मधली जागा मी रिकामी ठेवायला लावली. दस्तगीरने माझ्याकडे पाहिलं आणि अवजारं गोळा केली. उद्या तो आठ दिवसांसाठी बिद्रीला दारं बसवायला जातो.

१८ नोव्हेंबर
बैलगाडी घेऊन गेलो आणि फळ्या आणल्या. बदल्यात नवं सागवान मागवून देईन, असं म्हातारीला सांगितलं. ती म्हणाली, मास्तर, तुमची घाई माझ्यापरीस मोठी हाय की, न्या. हा टोमणा होता. मी फळ्या गाडीत चढवल्या. खिळे स्वतःच्या हातांनी ठोकले. जमीन आरशासारखी झाली आहे.

२५ नोव्हेंबर
नजीराबी गेली. काल तिसऱ्या प्रहरी पुरलं. दुसरं लाकूड लावायचं न्हाई, असं तिने लेकाला बजावून ठेवलं होतं. त्यांनी चटया अंथरल्या. माती पडताच चटया खचल्या. हे सगळं दस्तगीर माझ्या दारात उभा राहून सांगून गेला. फळ्या परत ने, असं म्हटलं तर म्हणाला, आता काय करू नेऊन. म्हातारीच्या हट्टाला मी जबाबदार? संताप झाला.

२८ नोव्हेंबर
सगुणा आली. तिला जमीन फार आवडली. सागाच्या फळ्यांवर अंथरूण घातलं. खोकला कमी आहे.
तिसऱ्या प्रहरी अंथरुणाजवळ तीन मुठी माती. धोंडुबाईला बोललो. ती म्हणाली, मालक, मी झाडून पुसून घेतलंय, डोळं हायत न्हवं मला.

३० नोव्हेंबर
पुन्हा तीन मुठी. पुन्हा त्याच वेळी. कौलं काढून पाहिली, कोरडी आहेत. मी समोर बसून राहिलो. माती पडताना दिसत नाही. पडलेली दिसते.

२ डिसेंबर
आज सगुणाच्या छातीवर. तिला स्वयंपाकघरात निजवलं. तिथेही. ताप चढला आहे. वैद्य म्हणाले, घराबाहेर हलवू नका. धोंडुबाई यायची बंद झाली. कोण चेष्टा करतो आहे ते सापडलं तर—

४ डिसेंबर
वखारीत जाऊन ओरडलो. तुझ्या फळ्या उचल, म्हटलं. दस्तगीरने रंधा थांबवला नाही. शांतपणे म्हणाला, आमच्यात फळ्यांखाली माणूस असतंय, वर माती. तुम्ही बाईस्नी वर निजवलंय.
त्याच्या तोंडावर हात उगारला. मारला नाही.

५ डिसेंबर
आता वेळ पाळत नाही. मूठ, आणि मूठ. तिच्या केसांत, पापण्यांवर. मी झाडतो. तोंड उघडलं की— पाणी पाजता येत नाही. मी कोणाचं काय— एका जिवंत बाईसाठी कोरडी जागा मागितली, एवढंच.

६ डिसेंबर
खिळे उपटले. खालची माती मऊ, फावडं सहज— कंबरभर खणलं. सगुणा नको म्हणाली. हात धरले माझे. तापात माणूस काहीही बोलतं. तिला कळत नाही.

उतरवली. हलकी झाली आहे. पायाकडून सुरुवात केली. आठ फळ्या बसल्या. वर माती पडते आहे, फळ्यांवर वाजते, खाली एक कण जात नाही. सुतार खरं बोलला, हरामखोर.

ती खालून हाका मारते. खोकत नाही, हाका मारते. एवढं केलं तरी तक्रार. शेवटची फळी तोंडावरची. ती माझ्याकडे बघते आहे. मी सांगितलं तिला, अशी बघू नकोस, तुझ्यासाठीच— बोटं काढ म्हणतो आहे मी, सगुणा, बोटं