करंजी घाटात बंद न पडणारी गाडी

रविवार, १ डिसेंबर २०२४. सकाळी ९.
आजपासून रोज लिहायचं. बियाण्याच्या कंपनीची डायरी आहे, जानेवारीपासून कोरी. अकरा महिन्यांची पानं शिल्लक, म्हणजे डिसेंबर ऐसपैस बसेल.

मुद्दा असा. धनश्रीताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. आई-आबा ऊसतोडीला संगमनेरकडे. दाजी त्यांच्या टोळीबरोबर कर्नाटकात. घरात मी एकटा पुरुष. आबा जाताना म्हणाले, कल्याण, तुला तसाबी मुकादम अर्ध्या कोयत्यात धरत न्हाई, तू ऱ्हा तिच्यापाशी. (ऊसतोडीत जोडप्याचा एक कोयता धरतात, एकट्याचा अर्धा.) मी याला जबाबदारी समजतो.

काल डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ पायाळू आहे. तारीख २६. कळा सुरू झाल्या की कुठं न थांबता सरळ नगरचा मोठा दवाखाना गाठायचा. गाडी आत्ताच सांगून ठेवा.

आमच्या गावाहून नगर म्हणजे मध्ये करंजी घाट.

ताईच्या आधी आईच्या पोटात एक होतं. तिला नगरला नेताना जीप घाटात बंद पडली. आई एवढंच सांगते. पुढचं सांगत नाही.

मी घाबरलेलो नाही. फक्त गाडी नीट पारखून ठरवायची.

सोमवार, २ डिसेंबर.
आसारामची जीप पाहिली. आसाराम शेजारचाच. शाळेत माझ्या मागच्या बाकावर. नववीत शाळा सोडली आणि जीपवर बसला. गाव ते तिसगाव, दिवसाला सहा फेऱ्या. म्हणाला, कवाबी हाक मार, चप्पल न घालता येतो.

चपलेचा प्रश्न नाही. निरीक्षणं : मधलं दार सुतळीनं बांधलेलं. आरसा एकच, त्यात फक्त आसाराम दिसतो. स्टार्टर मेलेला. जीप कायम मारुतीच्या देवळामागच्या उतारावर लावतो आणि सोडून देतो, मग खाली पोचेपर्यंत कधीतरी सुरू होते. मी विचारलं, घाटात बंद पडली तर? म्हणाला, घाटात तर उतारच उतार हाय की. आणि हसला.

गावच्या आशा सेविका आरतीताई तिथंच उभ्या होत्या. म्हणाल्या, रोज सहा फेऱ्या मारती ती, आजून काय पायजे रे तुला? त्यांच्या लक्षात येत नाही, रोज चालणारी गाडी रोज झिजत असते.

निर्णय : सगळ्या कंपन्यांची तुलना करायची. सगळ्यांत भरवशाची कंपनी कोणती ते काढायचं. मग त्या कंपनीची गाडी असलेला माणूस शोधायचा. पाच दिवसांचं काम.

मंगळवार, ३ डिसेंबर. दुपार.
मोबाईलवर अकरा व्हिडिओ पाहिले. एक जण म्हणतो जपानी गाडी कधी बंदच पडत नाही. दुसरा म्हणतो कोरियन. तिसरा म्हणतो, ठोकली गेली तर देशीच वाचवते. ठोकली गेली तर हा विचार मी केलाच नव्हता. आता तोही आला.

खाली कमेंटमध्ये लोक एकमेकांच्या आईबापापर्यंत गेलेत. त्यातून एका व्हिडिओवर गेलो, त्यात एक माणूस शेततळ्यात पाणबुडी बनवतो. चार भाग आहेत. पाणबुडी चौथ्या भागात वर येत नाही. मोबाईलची बॅटरी संपली.

ताईनं हाक मारली होती म्हणे. पाण्याचा हंडा तिनंच उचलला. मी तिला रागावलो. अशा अवस्थेत उचलतात का?

गुरुवार, ५ डिसेंबर.
व्हिडिओ बास. प्रत्यक्ष अभ्यास. सकाळी ९ ते ४ करंजी घाटात, मालनबाईंच्या चहाच्या टपरीवर वही घेऊन बसलो. कोणत्या कंपनीच्या गाड्या बंद पडून उभ्या राहतात ते मोजलं.

जपानी ५. देशी ४. कोरियन ३. (जपानीतली एक पोराला ओकारी आली म्हणून थांबली होती. थांबली म्हणजे थांबली. धरली.)

मालनबाई म्हणाल्या, बाबा, रस्त्यानं जास्त गाड्याच जपानी जात्यात, मंग हुभ्या बी त्याच जास्त ऱ्हानार ना. मी ऐकून घेतलं. बाईंचं शिक्षण कमी असावं. मी बारावीपर्यंत गेलेलो आहे.

मोठा शोध : एक युरोपातली कंपनी आहे, नाव मला वाचता येत नाही. तिची एकही गाडी दिवसभरात बंद पडली नाही. शून्य! तिची एकही गाडी रस्त्यानं गेलीही नाही, पण तो वेगळा मुद्दा.

साडेतीनला एक ट्रक ब्रेक करकरवत वळणावरून खाली आला. मी टपरीमागे. मालनबाईंनी विचारलं, काय झालं? म्हणालो, मागची बाजू बघायची राहिली होती.

शनिवार, ७ डिसेंबर.
ताईला अभ्यास समजावून सांगितला. रकाने दाखवले. तिनं पाय पसरून, भिंतीला टेकून, सगळं ऐकलं. मग म्हणाली, कल्या, बाळ मला व्हायचंय का गाडीला?

आरतीताईंना हसू आवरेना. म्हणाल्या, ॲम्ब्युलन्सचा नंबर मी देऊन ठेवलाय, आन् आसाराम दारातच हाय, तू फक्त घरी ऱ्हा. तेवढंच काम हाय तुला.

घरी राहणं हे काम नाही. घरी बसलं की मला घाट दिसतो. फिरतीवर असलो की कमी दिसतो.

तिचे पाय सुजलेत.

मंगळवार, १० डिसेंबर.
सुप्याला गेलो. एमआयडीसीत ओम आहे, माझा जुना सहकारी. (मी तिथं अकरा दिवस होतो. वातावरण मानवलं नाही.) त्यांच्याकडं गाड्यांचे रबरी पार्ट बनतात. आतला माणूस खरं सांगेल म्हणून विचारलं, कुठल्या कंपनीचा माल सगळ्यांत भारी?

ओम म्हणाला, येड्या, साचा एकच हाय. सकाळी जपानी खोक्यात भरतो, जेवनानंतर कोरियन खोक्यात. रबर तेच, मी बी तोच.

हादरलो. ओमनं पाणी दिलं. म्हणाला, आरं, मग काय झालं, गाड्या चालत्यातच की. मी म्हणालो, चालतात त्या चालतात, बंद पडणारीत ताई बसली तर?

मग विचार केला : युरोपातली खोकी त्यानं सांगितली नाहीत. म्हणजे ती इथं बनतच नाहीत. माझा शोध पक्का होतोय.

परतीला मैदानावर टेनिस बॉलच्या मॅचेस चालू होत्या. फायनलपर्यंत थांबावं लागलं. गाडी चुकली. ओमच्या खोलीवर मुक्काम.

शुक्रवार, १३ डिसेंबर.
घरी. ताईचं बीपी वाढलंय म्हणाल्या आरतीताई. मी मंगळवारी नव्हतो, बुधवारीही नव्हतो, तेव्हा आसाराम तिला तिसगावला दाखवून आणून सोडून गेला. येताना टोमॅटोही आणले त्यानं. जीप बंद पडली नाही. पण दोन फेऱ्यांवरून निष्कर्ष काढता येत नाही.

आसारामनं विचारलं, ठरली का रं तुझी गाडी? म्हणालो, अंतिम टप्प्यात आहे. तो म्हणाला, कळा यायच्या आधी ठरव म्हंजी झालं.

सगळे हसले. मीही हसलो.

सोमवार, १६ डिसेंबर.
सापडली! जुन्या गाड्यांच्या ॲपवर त्याच युरोपातल्या कंपनीची गाडी. आपल्याच नगर जिल्ह्यातल्या बेलापूरचे एक निवृत्त मास्तर, राधाकृष्ण सर. फोनवर म्हणाले, दाराला दार लागलं की बँकेच्या लॉकरसारखा आवाज येतो. मी सगळी परिस्थिती सांगितली. म्हणाले, येऊन बघा.

बेलापूर इथून लांब आहे. पण २६ ला अजून दहा दिवस. बुधवारी निघायचं, शुक्रवारी गाडी सरांसकट घेऊन परत. घरी राहायचं सगळ्यांचं म्हणणंही मग आपोआप पूर्ण होईल.

ताईला सांगितलं, दोन दिवस. ती म्हणाली, चार्जर ने.

गाडी घाटात बंद पडली आणि मागे ताई ओरडायला लागली तर मी काय करणार हे मला माहीत नाही.

(वरचं वाक्य खोडलेलं समजावं.)

गुरुवार, १९ डिसेंबर. संगमनेर.
वाकडी वाट करून इथं आलो. कारण महत्त्वाचं आहे : आईची ती जीप कुठल्या कंपनीची होती हे तक्त्यात नव्हतं. सगळ्यांत जुनी नोंद, आणि तीच रिकामी.

उसाच्या फडात आई मोळी बांधत होती. मला बघितलं आणि हातातलं मोळी बांधायचं उसाचं वाढं खाली पडलं. म्हणाली, काय झालं धनूला? म्हणालो, काही नाही. म्हणाली, मंग तिच्यापाशी कोन हाय?

म्हणालो, मी आहे.

आईनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. म्हणाली, तू तर हितं हाईस.

आबा पाचट ओढत होते. त्यांनी मान वर केली नाही. तिकडंच तोंड करून म्हणाले, इचार त्याला, जेवला का.

मी गाडीची कंपनी विचारली. आई मोळीवर बसली. म्हणाली, कंपनी कशाला आठवंल? डायवर आठवतोय. चांगला होता, तरना होता, तुज्याएवढा. जीप बंद पडली, मी वरडाया लागले, तर त्याचे हातपायच गळाले. दुसरी गाडी आनतो म्हनला आन् गेला. मागून एक ट्रॅक्टर आला दोन तासांनी. त्यो काय आलाच न्हाई.

मग म्हणाली, जा तू घरी.

कंपनीचं नाव मिळालं नाही. रकाना रिकामा.

आजच घरी जायला हवं खरं. पण बेलापूर एवढ्या जवळ आल्यावर दुसरी गाडी न घेताच परत जाणं बरोबर नाही.

शुक्रवार, २० डिसेंबर. सकाळी १०. बेलापूर.
राधाकृष्ण सरांनी पोहे दिले. मग शेडकडे नेलं. गाडीवर ताडपत्री. बॉनेटवर मांजर व्यायलेली, चार पिल्लं.

दाराचा आवाज खरंच लॉकरसारखा.

म्हणालो, चालू करा. सर म्हणाले, तेवढं सोडून बोला. एक पार्ट यायचाय. मार्चमध्ये सांगितलाय. तिकडून बोटीनं येतो. मी विचारलं, मग बंद पडली कधी? म्हणाले, रस्त्यात एकदाही बंद पडली नाही, दारातच पडली.

म्हणजे माझी आकडेवारी चूक नव्हती.

सर म्हणाले, तुमची निकड कळते, पण पिल्लांचे डोळेही उघडले नाहीत अजून. मी गाडीत बसून पाहिलं. सीट मऊ. ताईला टेकायला छान झाली असती. डोळे मिटले आणि घाट दिसलाच.

१०.४०. फोन बघितला. आरतीताईंचे सात मिसकॉल. पहाटेपासूनचे. फोन सायलेंटवर होता. लावत नाही अजून. एक मिनिट बसतो.

१०.५५. लावला. ताईला पहाटे कळा सुरू झाल्या. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन निघाली होती, आसारामनं वाट बघितली नाही. आठला नगरला पोचलेसुद्धा. घाट? म्हणाल्या, कसला घाट?

सरांनी मोटरसायकलवर बसस्टँडला सोडलं. ती जपानी आहे. पहिल्या किकला सुरू झाली.

शनिवार, २१ डिसेंबर. नगर. सकाळ.
मुलगी झाली. काल, अकरा वाजून दहा मिनिटांनी. ऑपरेशन करावं लागलं. दोघी ठीक.

मी दोनला पोचलो. वाटेत एसटी कुठंही बंद पडली नाही. पडली असती तर सगळ्यांना सांगायला बरं पडलं असतं.

दवाखान्याबाहेर आसारामची जीप उभी, इंजिन चालू. सकाळी आठपासून! वॉचमन दोनदा भांडून गेला म्हणे. मी विचारलं, बंद का करत नाहीस? आसाराम म्हणाला, हितं समदं सपाट हाय. परत नगरातच दुसरीकडं पळवायची येळ आली आस्ती तर ढकलायला कोन हुतं? आणि पाय वर घेतले. खरंच चप्पल नव्हती. आता बंद करतो म्हणाला, तू आलास तर. बंद केली. एकदम शांत झालं सगळं.

वर वॉर्डात गेलो. नर्सबाईंनी विचारलं, तुम्ही कोण? म्हणालो, पेशंटचा भाऊ. त्या म्हणाल्या, भाऊ तर सकाळपासून आहे. फाइल उघडून दाखवली. ऑपरेशनच्या आधी नातेवाइकाची सही लागते. तेव्हा कुणाची तरी लगेच हवी होती. सही आसारामची, नववीतल्यासारखी, एकेक अक्षर सुटं. पुढं रकाना : पेशंटशी नातं. त्यात लिहिलंय, भाऊ.

मी म्हणालो, बाई, ही नोंद चुकीची आहे. सख्खा भाऊ मी आहे. आधार कार्ड दाखवतो. पेन द्या, दुरुस्त करतो.

नर्सबाई पेन देणार होत्या.

ताईचे डोळे मिटलेले होते, मला वाटलं झोपली आहे. तशीच पडल्या पडल्या म्हणाली, ऱ्हाऊ द्या बाई. खोडू नका.