डावा पंख निळा, उजवा काळा

बाबा,

तुमचं रिमोटचं विमान माळ्यावर शोधू नका, माझ्या पलंगाखाली आहे. पंखांवरची रंगीत प्लास्टिकची फिल्म मी सकाळी सोलून काढली, नाहीतर तुम्ही संध्याकाळी उडवायला गेला असता. रागवा, पण आधी पुढचं वाचा.

फिल्म तुम्ही नेहमीसारखीच चढवली होती, कुठे एक सुरकुती नाही. फक्त डावा पंख निळा होता आणि उजवा काळा. दोन्ही निळे करायचे होते ना? कारखान्यात अठ्ठावीस वर्षं, रंगाची छटा जराशी चुकली तरी गाडीचं दार परत पाठवायचात तुम्ही.

मागच्या रविवारी विमान वाऱ्याने पडलं म्हणालात. त्या दिवशी पानही हलत नव्हतं. विमान सुलटं होतं, तुम्हाला उलटं दिसलं. मैदानाच्या कडेला बाकावर बसलेल्या एका आजींपासून चार हातांवर आपटलं ते.

नवी फिल्म मी आणते. वरून पिवळी आणि खालून काळे-पांढरे रुंद पट्टे, म्हणजे आभाळात वरची बाजू कुठली ते कळेल. ती चिकटवायला इस्त्री तुम्हीच फिरवा, माझ्या हाताने फुगे येतात. पण डोळे दाखवून आल्यावर. शुक्रवारी अकराची वेळ घेतली आहे आणि मी रजाही टाकली आहे. आईला अजून काही बोलले नाहीये.

कंपनीची बस यायची वेळ झाली. विमानाचा रिमोट कपाटातच आहे, तो लपवून काय करू? हिंजवडीला घेऊन चालले आहे ती तुमच्या स्कूटरची किल्ली.

तनुजा