बारावी चिठ्ठी

प्रिय ढब्बू,

"तू नसलीस की तुझ्या जागेवर मी माझं दप्तर ठेवते. कुणालाही बसू देत नाही." सातवीत असताना तू मला हे म्हणाली होतीस. तेव्हा धाकट्या भावाला सांभाळायला मी घरी राहायचे. आधी आठवड्यातून दोन दिवस, मग तीन, मग कायमचीच. ते दप्तर तू किती दिवस ठेवलंस, हे मी कधी विचारलं नाही.

आता तू माझ्या मुलीची वर्गशिक्षिका. वर्षाच्या सुरुवातीला हे कळलं तेव्हा मी गल्लीभर सांगत सुटले होते, बाई आमच्याच बाकावरच्या म्हणून! पण हळूहळू घरात तुझंच राज्य आलं. "बाई म्हणाल्या, लिहिताना पाठ ताठ हवी." "थांब, बाईंना विचारून सांगते." मी सांगितलं तर कटकट, तू सांगितलं की ब्रह्मवाक्य. एकदा सकाळी लेक माझ्याकडून वेणी घालून गेली आणि परतली ती वेगळ्याच वेणीनं. "तुझी सैल होते ना आई, बाईंनी परत घातली." जावळापासून ते केस मी विंचरतेय गं! त्या संध्याकाळी दुसऱ्यांच्या मुलांचे गणवेश शिवताना सुई तीनदा बोटात गेली.

दुसऱ्या दिवशी मी तिला घरी ठेवलं. थोडी कणकण होती, अगदीच नव्हती असं नाही. चिठ्ठी लिहिली, मुलीला बरं नाही. दिवसभर ती माझ्या मशीनशेजारच्या स्टुलावर बसून बटणं लावत होती, तोंडाची टकळी चालू. किती बरं वाटलं म्हणून सांगू! तिचे बाबा महिन्यातून एकदा घरी येतात. एरवी दहा ते पाच मी आणि मशीनचा खडखडाट. मग तिचं पोट दुखलं, घसा बसला, पाय मुरगळला. अकरा चिठ्ठ्या झाल्या. हल्ली सकाळी तीच विचारते, "आई, आज मला काय झालंय?"

गेल्या शनिवारी तू दारात उभी राहिलीस. आणखी तीन दिवस बुडाले तर तिला परीक्षेला बसता येणार नाही, असं समजावत होतीस आणि मी तुला साधं आत ये म्हटलं नाही. झोपलीये, म्हणाले आणि दार लावून घेतलं. ती आत टक्क जागी होती. जिन्यावरची तुझी पावलं संपली तशी म्हणाली, "मी नसले ना, की बाई माझ्या जागेवर त्यांची पिशवी ठेवतात. कुणालाच बसू देत नाहीत."

जळले गं मी. खोटं कशाला बोलू? तोवर वाटत होतं, तू माझी मुलगी पळवलीस म्हणून मी तुझ्यावर जळतेय. त्या क्षणी कळलं, मी तिच्यावरही जळत होते, पोटच्या पोरीवर! ती जागा माझी होती. आणि तिची जागा रिकामी कोण ठेवत होतं, तर मीच. मला घरी ठेवताना माझ्या आईकडे निदान सांगायला तान्हं मूल तरी होतं.

म्हणून ही बारावी चिठ्ठी, आणि पहिली खरी. मुलीला बरं होतं, मला नव्हतं. सोमवारी ती स्वतःच ही तुझ्या हातात देईल आणि तिथून पुढे रोज येईल, वेणी कुणाच्या का हातची असेना. मागणं एकच. या शनिवारी पुन्हा ये, हजेरीचं काही न काढता, नुसती. तोंडावर दार लावणाऱ्या बाईकडे तू येणार नाहीस, मला ठाऊक आहे. मीही आले नसते. तरी ये. मशीनशेजारचं स्टूल आता रिकामं असेल. त्याच्यावर मी माझी कापडाची पिशवी ठेवलीये. कुणालाही बसू देत नाही.

तुझीच,
बाकावरची