दादाचे इशारे

मंगळवार, ३

शी! आईच्या गळ्यातली गाठ काढायची तारीख गेली. टॅक्सी दाराशी, आईची पिशवी भरलेली, आणि कुलूप लावायला किल्लीच सापडेना. दादा पायरीवर बसला. म्हणाला, "वरून कुणीतरी थांबवतंय आपल्याला." वरून! वर फक्त पाण्याची टाकी आहे. शोधाशोधीत वेळ टळली. संध्याकाळी किल्ली साखरेच्या डब्यात.

गुरुवार, ५

भेटेल त्याला दादा किल्लीची गोष्ट सांगतोय. शेजारीण मान डोलावते, "देवाच्या मनात नसेल." किळस येते मला! कारखान्यात मी शिलाई मशीन दुरुस्त करते. सुई तुटली की मुली मला हाक मारतात, देवाला नाही. दोरा जास्त ताणलेला असतो, नाहीतर सुईच वाकडी बसवलेली. आणि हा शिकलासवरलेला माणूस योगायोगाला हात जोडतो! देवाला दुसरे उद्योग नाहीत का?

डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय, गाठ राहिली तर घास अडेल, पुढे श्वासही. काढली तर कदाचित आवाज कायमचा जाईल. पुढच्या मंगळवारची वेळ मिळाली आहे.

मंगळवार, १०

गजर झालाच नाही. घड्याळ आईच्या उशाशी होतं, पहाटे सगळ्यांना उठवायचं काम तिचं. जागे झालो तेव्हा ऊन घरात आलेलं.

"दुसऱ्यांदा," दादा म्हणाला. "आता तरी ऐक."

मी कप आपटला. म्हटलं, "तुझ्या देवाला सांग, आईला भाकरीचा तुकडा गिळवत नाही." त्याने स्वतःसाठी आणखी चहा ओतून घेतला. निगरगट्ट! त्याच्याशी बोलणं बंद.

बुधवार, ११

घड्याळ उघडलं. बिघाड काहीच नाही, सेल उलटा घातलेला. डोक्यात तिडीक गेली. असले इशारे तयार करतो होय हा! तशीच दादाच्या खोलीकडे निघाले, तर आईने मनगट धरलं. "त्याला काही बोलू नकोस. मीच केलं ते. किल्लीही मीच टाकली डब्यात."

मी विचारलं, भीती वाटते हे सरळ सांगायचं नाही का?

"तुला सांगितलं असतं तर तू कारणं विचारली असतीस. देवाला कुणी कारण विचारत नाही."

मग माझं मनगट सोडून म्हणाली, "आवाज गेला तर तुम्हाला हाक कशी मारू गं?"

आईची मला किळस नाही आली. माझीच आली.

गुरुवार, १२

आई यायला तयार झाली. आम्ही दोघांनीही सोबत राहायचं, एवढीच अट.

दादाला सगळं सांगितलं. तो बूट पुसत होता, मान वर न करता म्हणाला, "माहीत होतं. किल्ली टाकताना बघितलं होतं तिला. तू कुणावर तरी चिडणारच होतीस. म्हटलं, तिच्यापेक्षा मी बरा."