शेणानं सारवलेला डाग

पार्बता इहीनबाई, रामराम.

नाई हो, फोनवर मी रडली नाई. भिंतीले चुना मारताना डोळ्यात गेला होता.

आपल्या रोशनीचा खोकला जाईना, तवा ब्रह्मपुरीच्या डॉक्टरनं विचारलं, "घरात ओल हाये का?" नातीच्या उशाशीच भिंतीले काळी बुरशी होती. डाग दिसला का मी वरून शेणानं सारवून टाको, अन् ओल्यात बुरशी आणखी फुगे. पोरीची छाती भरली. म्हणून तुमच्या लेकीनं, माह्या सुनेनं, तिले नागभीडले तुमच्या टाईल्सवाल्या घरी नेलं.

आता रोशनी म्हणते, "नागभीडची आजी गोष्ट सांगते, मंग झोप येते." तुमच्या घोरण्यात पोरीले झोप लागते, हेच नवल! तुमची भाजीही गोड लागते म्हणे. खोकल्यानं जीभ बिघडली असंल.

मी तोंडाले फडकं बांधून सारी भिंत खरवडली, धानाचे पोते बाहेर काढले, चुना मारला. खोली सुकली हाये.

हा कागद चुलीतच जाणार, म्हणून सांगून राह्यली. काल तुम्ही म्हटलं, "रोशनी आता रातभर खोकत नाई." मले आनंद नाई झाला, इहीनबाई. वाटलं, एकडाव तरी खोकावं तिनं तुमच्या घरी.

तुमची जळकुटी,
तानाबाई