रुचिकाच्या बाळाचे झबले

आई,

मी रुचिकाजवळ दवाखान्यात चालली. वेळेआधी आलेल्या तुमच्या नातीले तयार झबले फार मोठे होतात, सगळ्यात लहान मापातही तिचे हातपाय दिसत नाहीत. काल मऊ कापडासाठी भंडाऱ्याच्या त्या मोठ्या दुकानात गेली, तर त्यांनी कापडाचा विभागच बंद करून टाकला. तिथली पोरगी म्हणे, "आता घरी कोण शिवते, ताई? रेडिमेड घ्या ना." मी तशीच घरी आली.

तुम्ही झोपल्या होत्या, म्हणून न विचारता तुमचं जुनं लुगडं कापलं. बाबांनी आणलेलं होतं, मले माहीत आहे. रागवायचं तर रागवा, पण आज नको.

वरण-भात झाकून ठेवला आहे. जेवून घ्या.

डॉक्टर म्हणतात, आजचा दिवस पाहू. मी दोन झबले शिवले.

भावना